पगार जिनिव्हाचा, पाव फेर्नेचा

शुक्रवार

जिनिव्हाच्या विमानतळाची धावपट्टी फ्रान्सच्या सीमेला इतकी चिकटून आहे की विमान टेकताना एका बाजूच्या खिडकीतून दिसणारी घरं फ्रान्समधली असतात. ही धावपट्टी लांबवायची वेळ आली तेव्हा जागा अपुरी पडली. मग १९५६ मध्ये दोन्ही देशांनी करार केला आणि जमिनीच्या तुकड्यांची अदलाबदल केली. बेळगावचा प्रश्न लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला ही बातमी जरा लागतेच.

विमानतळाला फ्रेंचांसाठी वेगळा दरवाजा आहे आणि तिथून दोन्ही बाजूंनी कुंपण असलेला रस्ता थेट फेर्ने या सीमेलगतच्या फ्रेंच गावात उतरतो. आम्ही मात्र स्विस दारातून बाहेर पडलो, कारण भाची तिथे उभी होती. बसमध्ये बसलो. बस धावपट्टीच्या खालच्या बोगद्यातून पलीकडे निघाली आणि थोड्या वेळात रस्त्यावर आडवी एक शेड दिसली.

"मामा, ही बॉर्डर," भाची म्हणाली.

बस थांबली नाही, वेगही फारसा कमी झाला नाही. चौकीत एक खुर्ची होती, तीही रिकामी. स्वित्झर्लंडही शेंगेन या एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या युरोपीय गटात असल्यामुळे व्हिसा तोच चालतो. देश बदलल्याची दखल घेतली ती फक्त फोनने. खिशात 'टिंग' झालं आणि फ्रान्समध्ये स्वागत असल्याचा संदेश आला. पुढचे सगळे दिवस हा फोन दर तासा-दोन तासाला देश बदलत होता. इथे येणाऱ्यांना पहिला सल्ला हाच: युरोपचं सिमकार्ड घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का ते नीट वाचा. पुष्कळदा नसतं, आणि घरात सोफ्यावर बसल्या बसल्या फोनने पलीकडचा मनोरा पकडला की बिल चढायला लागतं.

भाची जिनिव्हातल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत आहे, भाचेजावई सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर. दोघं राहतात फेर्ने-व्होल्तेरमध्ये. लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास, आपल्याकडचं एखादं बाजारपेठेचं गाव असावं तेवढी. फ्रान्समध्ये राहून रोज सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये कामाला जाणाऱ्यांना इथे 'फ्रॉन्तालिए' म्हणतात. एकट्या जिनिव्हा परगण्यात असे परवानाधारक लाखाच्या वर आहेत. पगार स्विस फ्रँकमध्ये घ्यायचा, भाडं आणि भाजी युरोत भागवायची. सकाळी सातपासून जिनिव्हाकडे गाड्यांची रांग आणि संध्याकाळी उलटी. डोंबिवलीकराला समजावून सांगावं लागणार नाही.

प्रवासाचा शीण होता. तरी वरणभात खाऊन मुख्य रस्त्यावर, म्हणजे 'ग्रां र्‍यू'वर, एक चक्कर मारली. दुमजली-तिमजली जुनी घरं, लाकडी झडपांच्या खिडक्या, एका चौकात काठी घेतलेला, किंचित वाकलेला म्हातारा ब्राँझमध्ये उभा. हा व्हॉल्टेअर, अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक. पुतळा १८९० चा, एमिल लाँबेर या शिल्पकाराचा. चौथऱ्यावर 'फेर्नेच्या उपकारकर्त्यास' अशा अर्थाच्या ओळी आहेत. तत्त्वज्ञ, नाटककार, कवी यांतलं काहीच नाही. आमच्या गावात पाणीयोजना आणणाऱ्या माणसाच्या पुतळ्याखाली लिहितात तसलं वाक्य. ते तसं का, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

शनिवार

शनिवारी सकाळी फेर्नेत बाजार भरतो आणि तो चुकवू नये. मुख्य रस्ता आणि आजूबाजूच्या गल्ल्या गाड्यांना बंद. गरगर फिरणाऱ्या सळ्यांवर भाजल्या जाणाऱ्या कोंबड्या, त्यांच्या खाली गळणाऱ्या चरबीत शिजणारे बटाटे, ऑलिव्हची पिंपं, मधाच्या बाटल्या, ढीगभर मशरूम. आणि गिऱ्हाइकांत निम्मे स्विस बाजूचे, हातात चाकांच्या पिशव्या ओढत आलेले. तिकडे मांस भयंकर महाग, म्हणून इकडून न्यायचं. पण जकातीशिवाय माणशी एकच किलो मांस नेता येतं, आणि एकूण खरेदीची करमुक्त मर्यादा २०२५ पासून तीनशे फ्रँकवरून दीडशेवर आणली आहे. त्यामुळे रांगेतली माणसं पिशवी भरताना तोंडाने हिशेब करत असतात. माझ्यापुढच्या बाईंनी खाटकाकडे दोन वेगळी पुडकी बांधून मागितली, एक स्वतःच्या नावाचं आणि एक नवऱ्याच्या. नवरा बाजूला निमूटपणे पाव धरून उभा.

बायको शाकाहारी. ती चीजच्या गाड्यापाशी रमली. ऑक्टोबर असल्यामुळे 'माँ दॉर' आलं होतं. लाकडी डबीत भरलेलं, चमच्याने खायचं हे चीज दरवर्षी १० सप्टेंबरपासून विकायला येतं आणि मे महिन्यात बंद होतं. विकणाऱ्याने सुरीच्या टोकावर तुकडे देत देत तिला पाच-सहा प्रकार चाखायला लावले. इथल्या पारंपरिक चीजांत दूध विरजायला वासराच्या जठरातला पदार्थ वापरतात, हे मला ठाऊक आहे आणि भाचीलाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गप्प राहायचं ठरवलं.

दुपारी व्हॉल्टेअरचा वाडा पाहायला गेलो. बाजारापासून चढ चढत दहा मिनिटांवर.

व्हॉल्टेअर इथे आला तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता. पॅरिसमध्ये राजाची खप्पामर्जी, बर्लिनमध्ये प्रशियाच्या राजा फ्रेडरिकशी भांडण, म्हणून १७५५ मध्ये जिनिव्हात घर घेतलं. त्याला नाटकांचं वेड आणि जिनिव्हाच्या धर्मगुरूंना नाटकं वर्ज्य. तिथेही खटके उडायला लागल्यावर त्याने १७५८-५९ मध्ये सीमेच्या अलीकडे, फ्रान्सच्या हद्दीत, फेर्नेची जहागीर विकत घेतली. त्यामागचा हिशेब त्याने पत्रात उघड लिहून ठेवला आहे: मागे कुत्री लागलेली असताना तत्त्वज्ञाकडे लपायला दोन-तीन बिळं हवीत. पॅरिसहून पकडायला माणसं आली तर तासाभरात जिनिव्हात, जिनिव्हावाले बिथरले तर घरी फ्रान्समध्ये. वाड्याच्या गच्चीवर उभं राहिलं की ही चाल नकाशाशिवाय समजते. समोर सखल जमीन, त्यापलीकडे जिनिव्हा, आणि हवा स्वच्छ असेल तर सगळ्यांच्या डोक्यावर माँ ब्लाँ. आमच्या नशिबाने हवा स्वच्छ होती.

फाटकातून आत शिरताच आधी चर्च लागतं. जुनं चर्च वाड्यासमोर अडचणीत येत होतं, ते पाडून त्याने नवं बांधलं आणि दारावर लॅटिनमध्ये कोरलं: 'देओ एरेक्झित व्होल्तेर', म्हणजे देवासाठी व्हॉल्टेअरने उभारलं, साल १७६१. बाकीची चर्चं कुठल्या ना कुठल्या संताला वाहिलेली, मी मात्र थेट मालकासाठी बांधलं, असं तो म्हणे. शिवाय दगडात 'देवा'पेक्षा 'व्हॉल्टेअर' ठळक आहे. आपल्या गावातली दात्यांच्या नावाची मंदिरं आठवून मला हसू आलं. चर्चच्या भिंतीला चिकटून त्याने स्वतःसाठी पिरॅमिडच्या आकाराची कबरही बांधून घेतली होती, अर्धी आत अर्धी बाहेर. दुष्ट लोक म्हणतील हा धड आतही नाही आणि बाहेरही नाही, असा त्याचा विनोद. प्रत्यक्षात तो पॅरिसमध्ये १७७८ साली मेला आणि ही कबर रिकामीच राहिली.

वाडा फ्रान्स सरकारने १९९९ मध्ये विकत घेतला आणि मोठी डागडुजी करून २०१८ मध्ये पुन्हा उघडला. आकाराने फार मोठा नाही. व्हर्साय डोक्यात ठेवून जाणाऱ्याची निराशा होईल. खोल्या लहान, रंग ताजे, भिंतींवर रेशीम. एका भिंतीवर एक अफाट चित्र आहे. व्हॉल्टेअरला देवाच्या दरबारात नेलं जातंय आणि त्याचे टीकाकार पायदळी तुडवले जाताहेत. चित्र म्हणून सुमारच, पण असं चित्र घरात लावून घेणाऱ्या माणसाबद्दल बरंच सांगून जातं. त्याचं हृदय ठेवण्यासाठी केलेलं स्मारक इथेच आहे, 'त्याची बुद्धी सर्वत्र आहे आणि हृदय इथे' अशा ओळीसह. हृदय मात्र आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

पुस्तकंही इथे नाहीत. सुमारे सात हजार खंडांचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर भाचीने, मादाम दनीने, रशियाच्या कॅथरिन राणीला विकला. तो आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. ही मादाम दनी त्याची भाची आणि शेवटपर्यंतची सहचरीही. हे ऐकल्यावर आमच्या भाचीने "मामा, पुढे चल" म्हणून मला दंडाला धरून ओढलं.

मला या घरात सगळ्यात जास्त रस होता तो एका हस्तलिखितात. १७६० साली हिंदुस्थानातून परतलेल्या एका फ्रेंच अधिकाऱ्याने व्हॉल्टेअरला 'एझूरवेदम' नावाचा ग्रंथ दिला. संस्कृत वेदाचा फ्रेंच अनुवाद म्हणून. व्हॉल्टेअर हरखला. बायबलपेक्षा जुना, एकच ईश्वर सांगणारा ग्रंथ हातात आला होता, पाद्र्यांना गप्प करायला यापेक्षा चांगलं हत्यार कुठलं? त्याने त्याची प्रत १७६१ मध्ये राजाच्या ग्रंथालयाला भेट दिली आणि आपल्या लेखनात वर्षानुवर्षं त्याचे दाखले दिले. हा ग्रंथ पाद्र्यांनीच रचला होता! हिंदूंचं मन ख्रिस्ती धर्माकडे वळावं म्हणून जेझुइटांनी वेदाचं सोंग घेऊन लिहिलेला. १७८२ मध्ये सोनरा या प्रवाशाने ते छापून उघड केलं, तोवर व्हॉल्टेअर जाऊन चार वर्षं झाली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाबडेपणाची टर उडवणारा हा माणूस ज्यांच्याविरुद्ध लढत होता त्यांच्याच कागदाला भुलला. मला तो यामुळे कमी नाही, उलट जास्त जवळचा वाटला. प्राचीन भारताविषयी हवं ते वाचायला मिळालं की शहानिशा न करणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत.

हिंदुस्थानचा दुसरा धागा जास्त गंभीर आहे. १४ जानेवारी १७६१ ला आपलं पानिपत झालं, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांतच तिकडे दक्षिणेत फ्रेंचांची पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेली. तिथला सेनापती लाली. पराभवाचं खापर त्याच्यावर फुटलं आणि १७६६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. व्हॉल्टेअरला हा न्याय पटला नाही. त्याआधी त्याने तुलूझच्या ज्याँ कालास या प्रोटेस्टंट व्यापाऱ्यासाठी मोहीम चालवली होती. कालासला मुलाचा खून केल्याच्या खोट्या आरोपावरून १७६२ मध्ये हाल करून मारलं होतं, आणि या वाड्यातून गेलेल्या पत्रांच्या माऱ्याने १७६५ मध्ये तो मरणोत्तर निर्दोष ठरला. लालीसाठीही त्याने लेखणी उचलली, १७७३ मध्ये हिंदुस्थानवर पुस्तकच लिहिलं. लालीवरचा निकाल रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा व्हॉल्टेअर मरणशय्येवर होता. आता समाधानाने मरेन, अशा चार ओळी त्याने लालीच्या मुलाला लिहून कळवल्या.

बागेत हॉर्नबीमच्या झाडांचा लांब बोगदा आहे, दोन्हीकडच्या फांद्या वर जुळवून केलेला. पानं पिवळी पडायला लागली होती. इथे येरझाऱ्या घालत तो लेखनिकाला मजकूर सांगायचा म्हणे. युरोपभरातून भेटायला येणाऱ्यांची इतकी रीघ असे की तो स्वतःला युरोपचा खाणावळवाला म्हणवून घेई. चरित्रकार बॉझवेल आला, अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ आला.

आता पुतळ्याखालच्या ओळीचं. तो आला तेव्हा इथे दलदल होती आणि कशीबशी जगणारी काही डझन माणसं. त्याने दलदल उपसली, घरं बांधली, सोप्या अटींवर कर्जं दिली, मातीची भांडी आणि रेशमी मोजे यांचे कारखाने काढले. १७७० मध्ये जिनिव्हात दंगे होऊन तिथल्या घड्याळजींना बाहेर पडावं लागलं, तेव्हा त्याने त्यांना इथे आसरा दिला. नुसता आसरा नाही, माल खपवायची जबाबदारीही घेतली. राजदूतांना, दरबाऱ्यांना, थेट कॅथरिन राणीला पत्रं लिहून घड्याळं गळ्यात मारली. त्याच्या मृत्यूच्या वेळी गाव हजाराच्या वर गेलं होतं. तेव्हा माणसं जिनिव्हाहून इकडे आली आणि कारागिरी सोबत घेऊन आली. आज राहायला इकडे येतात आणि कारागिरी रोज सकाळी बसमधून तिकडे नेतात.

रविवार

रविवारी दुकानं बंद. भाचेजावयांनी गाडी काढली आणि ज्युरा डोंगरावर चढलो. वाटेत जेक्स लागतं, या पट्ट्याचं मुख्य गाव. त्या काळी फ्रान्समध्ये मिठावर जबर कर होता आणि वसुलीची माणसं घराघरांत घुसत. मिठावरचा कर म्हटला की आपल्याला दांडी आणि शिरोडं आठवतं. इथे आठवतो डिसेंबर १७७५. अर्थमंत्री तुर्गोच्या मागे लागून व्हॉल्टेअरने या भागापुरता तो कर आणि जकात काढायला लावली. त्याबदल्यात इथल्या लोकांनी वर्षाला तीस हजार लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) भरायचे. ठराव झाला त्या दिवशी ८१ वर्षांच्या व्हॉल्टेअरने जेक्सच्या सभागृहाची खिडकी उघडून खालच्या गर्दीला 'स्वातंत्र्य!' असं ओरडून सांगितलं म्हणतात. पुढे १८१५ च्या तहात हा भाग जकातमुक्त पट्टा ठरला. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सने तो मोडायचा प्रयत्न केला तेव्हा स्वित्झर्लंड हेगच्या न्यायालयात गेलं आणि १९३२ मध्ये जिंकलंही. म्हणजे फ्रान्सच्या हद्दीतल्या या फ्रेंच शेतकऱ्यांच्या सवलतीसाठी भांडले स्विस.

जेक्सनंतर वळणं सुरू. आंबोली घाट चढलेल्याला त्यांचं फार कौतुक वाटणार नाही, पण माथ्यावर १३२३ मीटरवरच्या फोसीय खिंडीत पोचल्यावर मात्र सगळे गप्प झालो. खाली सरोवर, जिनिव्हा, फेर्ने, विमानतळ, सगळं धुक्याच्या सपाट पांढऱ्या चादरीखाली गायब, आणि पलीकडून आल्प्सची अख्खी रांग उन्हात. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात इथे असं बऱ्याचदा होतं. खाली आठवडाभर सूर्य दिसत नाही, म्हणून लोक रविवारी ऊन खायला वर येतात. मात्र 'बीझ' नावाचं ईशान्येचं वारं सुटलं होतं. कानटोपी घेऊन जा.

खिंडीपलीकडे मिजू नावाचं चिमुकलं गाव. वरच्या ज्युरात हिवाळ्यात शेतं बर्फाखाली गेली की शेतकरी घरात बसून रत्नांना पैलू पाडायचे, घड्याळाचे भाग घासायचे. या भागातल्या सगळ्या बारीक कामाचं मूळ त्या सहा महिन्यांच्या सक्तीच्या बैठकीत आहे.

परतताना सहकारी डेअरीच्या दुकानात थांबलो. अशा डेअरीला इथे 'फ्र्युतिएर' म्हणतात. कोंते चीजचं एक चाक साधारण चाळीस किलोचं, त्याला चारशे लिटरच्या वर दूध लागतं. एका शेतकऱ्याकडे एवढं दूध निघत नाही, म्हणून सगळ्यांनी एकत्र ओतायचं. याचे उल्लेख तेराव्या शतकापासून सापडतात. मी सांगलीचा, दूध संघाच्या राजकारणावर पोसलेला. "अध्यक्षपदासाठी मारामाऱ्या होतात का?" असं मी भाचेजावयांना विचारायला लावलं. काउंटरवरच्या काकूंनी खांदे उडवले आणि एक लांबलचक वाक्य बोलल्या. जावयांनी भाषांतर केलं: "हो." इथलं खास चीज 'ब्ल्यू द जेक्स', निळ्या शिरांचं, सालीवर 'जेक्स' असा ठसा उमटवलेलं. चव जरा कडसर. बायकोला नाही आवडलं, मी अर्धा किलो घेतलं.

सोमवार

सर्न. प्रोटॉनांची टक्कर घडवणाऱ्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या यंत्राचा २७ किलोमीटरचा वर्तुळाकार बोगदा स्वित्झर्लंडपेक्षा फ्रान्सखालीच जास्त आहे, आणि त्यावरच्या चार मोठ्या प्रयोगांपैकी एक, एलएचसीबी, फेर्नेच्याच हद्दीत जमिनीखाली शंभर मीटरवर बसवलेला आहे. वरून काय दिसतं? कुंपण, एक कारखान्यासारखी शेड आणि मक्याची शेतं. प्रोटॉन दर सेकंदाला हजारो वेळा सीमा ओलांडतात आणि त्यांचे फोन वाजत नाहीत, हा भाचेजावयांचा ठेवणीतला विनोद.

त्यांच्या ओळखीवर आत जाऊन नटराज पाहिला. दोन मीटर उंचीची ही मूर्ती भारताने भेट दिली, २००४ मध्ये बसवली. येणारे-जाणारे शास्त्रज्ञ कॉफीचा कप हातात धरून तिच्याशेजारून जातात. मूर्तीपुढे सगळे भारतीय फोटो काढतात, आम्हीही काढला. पण यंत्राच्या अजस्र चुंबकांना केसाच्या अंतराइतकं अचूक उचलून धरणारे हजारो जॅक भारतात बनले, याचा फोटो कुणी काढत नाही. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. सामान्य पाहुण्यांसाठी बाहेर 'सायन्स गेटवे' हे नवं, विनाशुल्क प्रदर्शन आहे. ते सोमवारी बंद असतं, तेव्हा मुक्काम ठरवताना वार बघा.

मंगळवार

सकाळी चालतच सीमा ओलांडली. पाव इकडून घेतला, कॉफी तिकडे प्यालो आणि कॉफीचं बिल पाहून उरलेला सकाळचा वेळ पुन्हा फ्रान्समध्ये घालवायचं ठरलं. आज चौकीतली खुर्ची भरलेली होती. दोन रक्षक एका गाडीची डिकी उघडून कोंबड्या मोजत होते. चालणाऱ्यांकडे कुणी बघत नव्हतं.

जेवताना विषय निघाला तो घराचा. दोघं फेर्नेतच फ्लॅट घ्यायच्या विचारात आहेत. जिनिव्हाहून ट्रामचा मार्ग फेर्नेपर्यंत आणायचं काम चालू आहे, ती आली की भाव वाढतील, म्हणून आत्ताच. मी बँकेत आयुष्य काढलेलं. विचारलं, कर्ज कुठल्या चलनात? पगार फ्रँकमध्ये, घर युरोत, उद्या दर फिरला तर? भाचेजावयांनी लॅपटॉप उघडून तक्ता दाखवला. तक्ता चांगला होता, पण फ्रँक कायम वरच जाणार असं गृहीत धरलेला. मी तेवढं एक सोडून सगळं मान्य केलं.

बायकोचे प्रश्न वेगळे. "आजारी पडलात तर कुठे जाता गं?"

"मामी, ते आपण निवडायचं. आरोग्य विमा इकडचा घ्यायचा की तिकडचा, हे नोकरी लागली की सुरुवातीलाच ठरवायचं. मग सहसा बदलता येत नाही."

"आणि मूल झालं तर शाळा?"

"इकडे. आंतरराष्ट्रीय शाळा आहे फेर्नेत, सरकारी."

"मराठी?"

"ते घरी," भाची म्हणाली, आणि मामीच्या ताटात न विचारता ब्ल्यू द जेक्सचा उरलेला तुकडा वाढला. मामीने तो तसाच माझ्या ताटात सरकवला.